वजा केलेलं वजन

कारखान्यात त्याला सगळे नकारघंटा म्हणत आणि ते त्याला माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, त्याचा थोडा अभिमानही होता. कृत्रिम पाय बनवणाऱ्या कारखान्यात शेवटच्या टेबलाशी बसायचं, समोर आलेला पाय दाबायचा, पिळायचा, वाकवायचा आणि घ्यावा की नाही ते सांगायचं, एवढंच त्याचं काम. तो बहुधा नाहीच सांगायचा. कारागीर वैतागत. ‘याच्यापुढे देवाचा पाय ठेवला तरी म्हणेल, टाचेत खोट आहे,’ असं साच्यावरचा माणूस एकदा सगळ्यांदेखत म्हणाला, तेव्हा नकारघंटेनं शांतपणे विचारलं होतं, ‘उजवा की डावा?’

कारखाना म्हणजे शहराच्या कडेला, टायरच्या गोदामाला चिकटून असलेली एक लांबट इमारत. पुढच्या खोलीत चालायला शिकणाऱ्यांसाठी दोन कठडे आणि भिंतभर आरसा. मग साच्यांची खोली. तिथे तापलेल्या प्लास्टिकचा गोडसर वास कायम मुक्कामाला. तिच्यामागे काचेची बंद पेटी, आत लोंबणारे रबरी हातमोजे; त्यांत हात घालून टाकाऊ तुकडे दळायचे, म्हणजे भुकटी नाकातोंडात जात नाही. आणि सगळ्यात शेवटी, अंगणाकडे खिडकी असलेली नकारघंटेची खोली. भिंतीशी एक लांब मांडणी, मांडणीवर तपासणीची वाट बघत उभे असलेले पाय. नवा पाहुणा या खोलीत आला की आधी दचकायचा, मग हसायचा आणि मग आपले दोन्ही पाय एकदा खाली बघून घ्यायचा.

इथले पाय काळे असत. गुडघ्याखालची नळी आणि तळव्याची पट्टी ज्या मालाची बनायची, त्यात प्लास्टिकबरोबर कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या मिसळलेल्या असत. नॅनोट्यूब. इतक्या बारीक की हजारोंची मोळी बांधली तरी केसाएवढी जाडी व्हायची नाही. त्यांनी माल पोलादाला लाजवील असा चिवट होतो, हे एक. दुसरं असं की या नळ्या एकमेकींना टेकून असतात आणि त्यांच्यातून वीज वाहते. पायावर भार पडला की त्या जराशा सरकतात, विजेची वाट बदलते आणि किती भार पडला ते पडद्यावर दिसतं. टाचेचा वेगळा, चवड्याचा वेगळा. भार मोजायला निराळं यंत्र बसवावं लागत नाही. मालालाच कळतं. कारखाना चालवणाऱ्या मॅडम पाहुण्यांना म्हणायच्या, ‘आमच्या पायांना जाणीव आहे.’ नकारघंटा मनात म्हणायचा, कर्मचाऱ्यांना आली तरी पुष्कळ झालं.

नापास पायाला तो लाल चिठ्ठी बांधायचा. लाल चिठ्ठीचा पाय भांडारात जायचा, तिथून काचेच्या पेटीत, आणि त्याचा भुगा थोडाथोडा नव्या मालात मिसळायचा. माल महागाचा होता. न वापरलेला पाय दळून मिसळला तर बिघडत काही नाही, हे मॅडमनी नीट तपासून ठरवलेलं होतं. भांडार सांभाळणारा गृहस्थ तर कणही वाया जाऊ द्यायचा नाही. त्याला मुंगी म्हणत. मुंगी पेन्सिलीचा तुकडासुद्धा बोटांत धरता येईनासा होईपर्यंत वापरायचा आणि मग कानात अडकवून ठेवायचा, कारण फेकवायचा नाही.

आता नकारघंटेच्या घरची गोष्ट. घरी तो आणि त्याची मोठी बहीण, दोघंच. ताई संग्रहालयात माहिती सांगायचं काम करायची. तिची खासियत म्हणजे ती पाहुण्यांकडे तोंड करून उलटी चालायची. दालनामागून दालनं, मूर्ती, मडकी, तलवारी सगळं पाठीशी टाकत ती मागे मागे जायची आणि लोक भारल्यासारखे तिच्यामागून, म्हणजे तिच्या पुढून, जायचे. एका सकाळी संग्रहालयाच्या आवारात ती शाळेच्या मुलांना घेऊन अशीच मागे चालत होती आणि सामान उतरवायला आलेली गाडीही मागे येत होती. दोघांनीही मागे पाहिलं नाही. ताईचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला.

भाऊ पायाच्या कारखान्यात. म्हणजे लोकांच्या मते ताईची चैनच. प्रत्यक्षात सुताराच्या घरचं दार मोडकं, तशातला प्रकार झाला. तिच्यासाठी केलेला पहिला पाय नकारघंटेनं नळीवरच्या एका ओरखड्यासाठी नापास केला. दुसरा, उरलेला पाय जिच्यात बसतो त्या वाटीच्या कडेसाठी. परक्याच्या पायाला त्यानं कदाचित दोन्ही वेळा होकार दिला असता. बहिणीच्या पायाला देववेना.

‘धाकट्या,’ ताई म्हणाली होती, ‘मला लग्नाला सांगून आलेली मुलंसुद्धा तू अशीच नापास केलीस.’

‘ती तू केलीस.’

‘तू नाक मुरडायचास म्हणून मी करायचे. आता ऐक. संग्रहालयात नवं दालन उघडतंय. तोवर माझी जागा धरून ठेवलीय. तोवर मी उभी राहिले नाही, तर लोकांच्या कानाला लावायचं बोलकं यंत्र आणणार आहेत. मी ऐकलंय ते यंत्र. सर्दी झालेल्या माणसाचा आवाज आहे. त्याच्यापुढे मी हरायची नाही. तिसरा पाय कसाही असू दे, मला घालायचाय.’

‘कसाही कसा चालेल?’

‘कुबडीपेक्षा बराच चालेल.’

ताईला कुबड्यांवर बाजारातून येताना, पिशवी दातात धरून जिना चढताना त्यानं पाहिलं होतं. ते त्याला बघवत नव्हतं, आणि नापास करणं सुटतही नव्हतं.

त्याच सुमारास एका दुपारी एक बाई कारखान्यात आली. हातात चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिनं ते नकारघंटेच्या टेबलावर ठेवलं आणि चादर सोडून घडी करून पिशवीत टाकली. आत इथलाच एक पाय होता. जुना, तळव्याला झिजलेला, मोठ्या मापाचा, बूट घातलेला.

‘ह्यांचा,’ बाई म्हणाली. ‘ते गेले. परत घ्या.’

‘बाई, आम्ही परत घेत नाही.’

‘मला पैसे नकोत. घरात नको मला तो.’ ती जायला निघाली आणि दारातून वळली. ‘उभा ठेवू नका. आडवा ठेवा.’

‘का?’

‘थकवा येतो,’ ती म्हणाली. कुणाला, ते तिनं सांगितलं नाही आणि विचारायच्या आत ती अंगण ओलांडून गेली होती.

नकारघंटेनं बूट काढला आणि पाय मांडणीवर उभा ठेवला, कारण मांडणीवर सगळे उभेच असत. तारा जोडल्या. रिकामा पाय म्हणजे पडद्यावर शून्य दिसायला हवं. शून्य दिसलं नाही. भार दिसला. तोही स्थिर नाही. हळूहळू चढायचा, थोडा वेळ टिकायचा, हळूहळू उतरायचा. रांगेत उभा राहून कंटाळलेला माणूस या पायावरचा भार त्या पायावर घेतो, तसा.

आता नकारघंटा काही घाबरट माणूस नव्हता. दमट हवेनं आकडे सरकतात, उकाड्यानं सरकतात, शेजारच्या यंत्राच्या धक्क्यानं सरकतात, हे त्याला पाठ होतं. त्यानं तारा बदलल्या. पंखा बंद केला. साच्यावरच्या माणसाला यंत्र थांबवायला लावलं आणि त्याची बोलणी खाल्ली. पाय कोरड्या कपाटात ठेवून पाहिला. भार होताच. शेवटी त्यानं पाय आडवा ठेवला. शून्य. उभा केला. भार.

‘तळव्यात बिघाड,’ तो स्वतःशी म्हणाला आणि त्यानं पायाला लाल चिठ्ठी बांधली.

नापास म्हटल्यावर त्याच्यासाठी विषय संपायचा. या खेपेलाही संपला. पुढच्या हप्त्यातले पाय मांडणीवर येईपर्यंत त्याला त्या पायाची आठवणही राहिली नव्हती.

नवे पाय दिसायला देखणे होते. त्यानं ते ओळीनं उभे केले, प्रत्येकाला तारा जोडल्या आणि पडदा लावला. पडद्यावर प्रत्येक पायाची एक उभी पट्टी. भार पडला की ती वर चढते. सगळ्या पट्ट्या खाली होत्या. तो चष्मा पुसायला लागला. चष्मा डोळ्यांवर चढवला तेव्हा डावीकडची पहिली पट्टी किंचित वर आली होती.

ती खाली गेली. दुसरी वर आली. ती खाली गेली. तिसरी वर आली.

तो पाहत राहिला. भार एका पायावरून शेजारच्या पायावर असा ओळीनं शेवटपर्यंत गेला. मग काही वेळ काहीच नाही. मग शेवटची पट्टी वर आली, तिच्या अलीकडची, तिच्या अलीकडची. दवाखान्याच्या बाहेर कुणी वाट बघत येरझाऱ्या घालतं, तशा चालीनं. मांडणीवरचे पाय जागचे हलत नव्हते. बाहेर उन्हात कुणीतरी टायर लोटत नेत होतं, त्याचा आवाज येत होता.

नकारघंटा उठून भांडारात गेला. मुंगी स्क्रू निवडत बसला होता.

‘तो परत आलेला पाय कुठाय?’

‘कुठला?’

‘त्या बाईंनी आणून दिलेला.’

‘त्याला तुमची लाल चिठ्ठी होती.’

‘होती.’

‘मग आता पिठात गहू काय शोधताय, घंटाराव?’

‘अहो, तो वापरलेला होता. वापरलेला दळायचा नसतो.’

मुंगीनं कानातली पेन्सिल काढून पुन्हा कानातच ठेवली. ‘चिठ्ठी लाल होती. लाल म्हणजे दळा. वापरलेल्याचा रंग कुठला, सांगा.’

वापरलेल्याचा रंगच नव्हता. तोवर पाय कुणी परतच केला नव्हता. मग कुणाला सुचणार? त्यानं एक बिघडलेला पाय बाजूला काढला होता, आणि बाजूला काढला म्हणूनच तो आता सगळ्यांत वाटला गेला होता.

मॅडम आल्या. त्या शांत बाई होत्या, आणि या मालावर त्यांची उभी हयात गेली होती. त्यांनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. भार डावीकडून उजवीकडे गेला, थांबला, परत आला.

‘तारा एकमेकींत बोलत असतील,’ त्या म्हणाल्या.

‘तारा सोडून हातातल्या मीटरनं एकेक पाय पाहिला. तेच.’

‘ताकद कशी आहे?’

‘आजवरच्या कुठल्याही पायाहून जास्त,’ नकारघंटा म्हणाला. हे त्याला सांगायचं नव्हतं, पण खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. ‘पिळून पाहिले, वाकवून पाहिले, घण घातले. मोडायला तयार नाहीत. जसे काही आतून कुणी पाय रोवून उभं आहे.’

‘तेवढं अहवालात लिहू नका.’

‘मग काय लिहू?’

मॅडमनी विचार केला. ‘भार किती दिसतो?’

‘थोडा. लहान मुलानं पाय ठेवावा इतका.’

‘सगळ्यांत साधारण सारखाच?’

‘हो.’

‘मग वजा करा,’ मॅडम म्हणाल्या. ‘जेवढा रिकामा दिसतो, तेवढा सगळीकडून वजा करा. म्हणजे शून्य येईल. दळलेल्या पायाचं मी वर कळवते. मालात दोष नाही, पायात दोष नाही, आकडा तेवढा सरकलाय. आकडा आपण सरळ करू शकतो.’

हे बोलणं इतकं रास्त होतं की नकारघंटेला त्यात खोट काढता आली नाही. त्यानं वजा केलं. पडद्यावरच्या सगळ्या पट्ट्या खाली बसल्या, हातांची घडी घालून बसलेल्या मुलांसारख्या.

त्या ओळीत ताईचा पाय होता.

त्यानं तो टेबलावर घेतला. ओरखडा नव्हता. वाटीची कड लोण्यासारखी होती. संग्रहालयाचं नवं दालन रंगवून झालं होतं आणि बोलक्या यंत्राची खोकी येऊन पडली होती, हे ताईनं सकाळीच चहा ओतता ओतता सांगितलं होतं. तक्रारीच्या सुरात नव्हे, हवामान सांगावं तसं. नकारघंटेनं चिठ्ठ्यांच्या डब्यात हात घातला. लाल चिठ्ठ्या वर होत्या. हिरव्या तळाशी, नव्याकोऱ्या. त्यानं हिरवी काढली.

ताई चालली. पुढच्या खोलीत, कठड्यांच्या मध्ये, तिनं पहिलं पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि कठडा सोडून दिला. साच्यावरचा माणूस दारात येऊन उभा राहिला. मुंगीसुद्धा आला. चालायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘सावकाश हं, पहिले काही दिवस पायाचा भरवसा वाटत नाही.’

‘मला वाटतोय,’ ताई म्हणाली. ‘उलट त्यालाच माझा वाटत नसेल.’

घरी आल्यावर तिनं धाकट्या भावाला सोफ्यावर बसवलं, त्याला पाहुणा केलं आणि दिवाणखान्यातून स्वयंपाकघरापर्यंत ती उलटी चालत गेली. ‘डावीकडे पाहा, आपल्या घराण्यातला सर्वांत जुना पंखा. बंद पडल्याचा काळ अज्ञात. उजवीकडे माझा भाऊ. पुरातन. हात लावू नये.’ कृत्रिम पायानं मागे चालणं किती अवघड, ते नकारघंटेला ठाऊक होतं. शिकलेली माणसंही वर्षभर ते टाळतात. ताईनं खुर्ची चुकवली, टेबलाचा कोपरा चुकवला, उंबऱ्याशी पाय अचूक उचलला.

‘बघितलंस?’ ती म्हणाली. ‘मागे वळून बघावंच लागत नाही रे आता.’

तो हसला. खरोखर हसला; त्याला इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. मग सवयीनं त्यानं फोन काढला. पायाचे आकडे फोनवर दिसायचे. ‘पुन्हा एकदा चाल,’ तो म्हणाला.

माणूस पुढे चालतो तेव्हा आधी टाच टेकते, मग चवडा. मागे चालतो तेव्हा आधी चवडा, मग टाच. यात मतभेदाला जागा नाही. ताई मागे चालत होती आणि फोनवर आधी टाच येत होती, मग चवडा. टाच, चवडा. टाच, चवडा.

‘आता पुढे ये.’

ती पुढे आली. चवडा, टाच. चवडा, टाच.

तारा उलट्या जोडल्या गेल्या, दुसरं काय. त्यानं ताईला बसवलं, पाय मांडीवर घेतला आणि अंगठ्यानं टाच दाबली. फोनवर टाच आली. चवडा दाबला. चवडा आला.

‘काय झालं?’ ताईनं विचारलं.

‘काही नाही.’

‘तुझं काही नाही मला माहितेय. लाल रंगाचं असतं ते.’

ताई मागे जात होती तेव्हा कुणीतरी पुढे जात होतं. ताईचं तोंड जिकडे, त्याचं तोंड त्याच्या बरोबर उलट. पाठीला पाठ लावून उभी राहिलेली दोन माणसं चालतील, तसं. हा विचार त्याच्या डोक्यात आला आणि त्यानं तो सभ्य माणसासारखा बाहेर घालवला.

नवं दालन उघडलं. खोकी न फोडता परत गेली. ताईचं नाव झालं. उलट्या चालणाऱ्या बाईंची फेरी कधी असते, असं लोक दारावर विचारायला लागले. नकारघंटा दर आठवड्याला पाय तपासायचा, आणि दर आठवड्याला त्याला वजा करायचा आकडा वाढवावा लागायचा. सुरुवातीला लहान मुलाइतका भार होता. मग मोठ्या मुलाचा झाला. मग वजा करायचा आकडा ताईच्या वजनाच्या वर गेला, आणि वजाबाकीनंतर मात्र सगळं नेहमी ठीक दिसायचं. कारखान्यात राहिलेल्या पायांवरचा भार त्याच गतीनं कमी कमी होत चालला होता. मॅडम खूश होत्या. ‘पाहिलंत, स्थिरावतोय माल,’ त्या म्हणाल्या.

मग एके दिवशी मांडणीवरच्या येरझाऱ्या थांबल्या. सगळ्या पट्ट्या खाली, आणि खालीच राहिल्या. नकारघंटा पडद्यापुढे बसून होता. ज्याची वाट बघणं संपतं, तो येरझाऱ्या थांबवतो, एवढं त्याला कळत होतं. तो उठला, साच्यावरच्या माणसाला सांगून बाहेर पडला आणि संग्रहालयात गेला.

तिकीट काढून तो गर्दीच्या मागे उभा राहिला. ताई बोलत होती. मागे चालत होती. तिचा आवाज मोकळा होता, गाल लाल झाले होते. लोक हसत होते. ती मडक्यांचं दालन संपवून दाराशी आली आणि दारात थांबली. तिथे काही नव्हतं. वाक्य मध्येच सोडून ती एक पाऊल बाजूला झाली, भिंतीला लागून, अरुंद वाटेत समोरून कुणी आलं की आपण होतो तशी.

लोकही बाजूला झाले. कुणी कुणाला सांगितलं नाही. गर्दीच्या मधोमध एक वाट पडली आणि थोडा वेळ तशीच राहिली. नकारघंटेच्या शेजारच्या म्हाताऱ्यानं काठी आवरून घेतली.

मग ताईनं सोडलेलं वाक्य उचललं आणि पुढे नेलं.

दुपारी ती घरी परतली, तेव्हा तो आधीच येऊन बसला होता. तिनं बाहेरच्या खोलीची लादी पुसायला घेतली. पुसून होईपर्यंत तो तिच्या पायाकडे बघत होता.

‘आज मला हाकही मारली नाहीस,’ ती म्हणाली. ‘दिसलास मला. मागच्या रांगेत, तोंड पाडून.’

‘ताई, दारात तू बाजूला का झालीस?’

‘कुठल्या?’

‘मडक्यांच्या.’

‘मी कुठे बाजूला झाले?’ ती म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं.

‘पाय काढून दे मला.’

तिनं फडकं पिळलं. बादलीच्या कडेवर पसरलं. सोफ्यावर त्याच्या शेजारी येऊन बसली.

‘का?’

‘नापास आहे.’

‘काय नापास आहे त्यात?’

सगळं ठीक होतं. वजाबाकीनंतर सगळं ठीक होतं.

‘माझी नोकरी जाईल, धाकट्या.’

‘मी दुसरा करून देईन. साध्या मालाचा. माझ्या हातानं करीन, आणि बघताक्षणी पास करीन.’

‘आणि तोवर मी दातात पिशवी धरायची?’

‘मी धरीन.’

ताईनं त्याच्याकडे पाहिलं. तिला चिडायचं असावं, पण लहानपणापासून हा चेहरा असा झाला की तिला चिडता यायचं नाही. तिनं झगा गुडघ्यापर्यंत सरकवला, वाटीजवळची कळ दाबली आणि पाय काढून त्याच्या मांडीवर ठेवला.

‘घे. वाजव तुझी घंटा.’

त्यानं पाय जमिनीवर उभा धरला आणि फोन पाहिला. आधी त्यानं वजाबाकी काढून टाकली. खरा आकडा त्याला बघायचा होता. खरा आकडा शून्य होता. त्यानं टाच दाबली, आकडा आला. बोट काढलं, शून्य. त्यानं पाय हलवला, उलटा केला, पुन्हा उभा केला. शून्य. हा पाय त्यानं कुठल्याही दिवशी पास केला असता. तो चक्क हसला. कुठेतरी ओल गेली असेल, वाळली असेल. मालच तो; स्थिरावतो.

‘ठीक दिसतोय,’ तो मान वर न करता म्हणाला. ‘खरंच ठीक दिसतोय गं.’

‘मग इतका वेळ काय चाललं होतं?’ ताई म्हणाली. ‘चहा टाकते. लादी ओली आहे, पाय देऊ नकोस.’

‘नाही देत.’

स्वयंपाकघरात भांडं वाजलं. नळ सुटला, बंद झाला. वरच्या फळीवरच्या कपबशा खाली आल्या. तो पाय मांडीवर घेऊन, रुमालानं नळी पुसत बसला होता.

‘आलं घालू?’ आतून ताईनं विचारलं.

‘घाल.’

त्याचा रुमाल थांबला.

त्यानं मान वर केली. सोफ्यापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत लादी अजून ओली होती. तिच्यावर ताईच्या डाव्या पायाचे ठसे आत गेले होते, अनवाणी, एकामागून एक, नेहमीच्या अंतरावर.

दर दोन ठशांच्या मध्ये, उजवीकडे, एकेक ठसा बुटाचा होता. मोठ्या मापाचा. बुटाचं टोक मात्र आतल्या बाजूला नव्हतं, नकारघंटेकडे होतं.